छायाचित्रकार कुठे उभा होता?



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस ज्वालामुखीच्या फोटोंवर काय बोलणार, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना पडला असेल. तो रास्त आहे. पण सौंदर्यशास्त्रात एक फार जुना मुद्दा आहे, तो वर्गात शिकवताना कोरडा वाटतो आणि या फोटोंपाशी आला की जिवंत होतो, नव्हे, जिवावर बेततो. म्हणून आज ही समीक्षा करायची आहे, आणि ती काही मोजक्या छायाचित्रांची. बहुतेक एका पर्वताची आहेत: अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्स. शेवटी थोडं जपानलाही जाऊ.

मुद्दा कांटचा. 'क्रिटिक ऑफ जजमेंट' हा त्याचा ग्रंथ १७९०चा. मराठीत रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' ज्यांनी वाचली आहे त्यांना कांट परका नाही. सुंदर आणि उदात्त असा भेद तो करतो. उदात्ताची उदाहरणं देताना अंगावर येणारे कडे, विजा घेऊन चढत येणारे ढग, वादळं, खवळलेला समुद्र अशी यादी येते, आणि तिच्यात ज्वालामुखीही आहे. या सगळ्यापुढे आपली ताकद कस्पटासमान आहे हे आपल्याला कळतं. तरीही आपण तिकडे ओढले जातो, आणि जितकं भयंकर तितकं जास्त ओढले जातो. मात्र कांट इथे एक अट घालतो. आपण सुरक्षित जागी असलो पाहिजे. जीव मुठीत धरून पळणाऱ्या माणसाला उदात्ताचा अनुभव येत नाही, त्याला फक्त भीती वाटते.

आता गंमत बघा. कांटने ज्वालामुखी कधी पाहिला नाही. कोनिग्सबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून हा माणूस आयुष्यात फारसा कुठे गेला नाही, आणि तो प्रदेश सपाट. (हशा) लिस्बनच्या १७५५च्या भूकंपानंतर त्याने भूकंपांवर निबंध लिहिले, ते घरी बसून. म्हणजे त्याची स्वतःची सुरक्षित जागा पक्की होती. म्हणूनच की काय, ती अट तो एका वाक्यात घालतो आणि पुढे जातो. ही सुरक्षित जागा कोणी ठरवायची, कशावरून ठरवायची, आणि ती सुरक्षित राहावी म्हणून किंमत कोण मोजतं, हे प्रश्न त्याच्याकडे येत नाहीत.

छायाचित्रकलेने ते आपल्यापुढे आणले. चित्रकार घरी येऊन, आठवून चित्र रंगवू शकतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. फोटो निघाला याचा अर्थ कोणीतरी, किंवा निदान एखादं यंत्र, त्या क्षणी तिथे होतं. आणि तरी फोटोत सगळं दिसतं, ती उभं राहायची जागा तेवढी दिसत नाही. ती चौकटीच्या अलीकडे राहते. माझं आजचं सगळं म्हणणं या न दिसणाऱ्या जागेबद्दल आहे. ज्वालामुखीचं छायाचित्र समोर आलं की प्रकाश, रंग, रचना यांच्याआधी विचारावं: काढणारा कुठे उभा होता? आणि त्याला तिथे उभं राहता यावं म्हणून आणखी कोण कोण उभं होतं?

पडद्यावर आता १९८० पूर्वीचा सेंट हेलेन्स आहे. उंची २,९५० मीटर, जवळजवळ निर्दोष शंकू, पायथ्याशी स्पिरिट लेक, तळ्यात बर्फाच्छादित शिखराचं प्रतिबिंब. याला अमेरिकेचा फुजी म्हणत. अशी चित्रं पोस्टकार्डांवर हजारांनी छापली गेली. देखणी आहेत यात शंका नाही. पण त्यांत पर्वत ही एक पूर्ण झालेली वस्तू आहे, देवघरातल्या मूर्तीसारखी. तो काही करेल असं वाटतच नाही. बघणारा तळ्याकाठी निवांत उभा आहे आणि ती जागा कायमची आपली आहे, असं ते चित्र गृहीत धरतं.

तिथल्या मूळ लोकांनी असं गृहीत धरलेलं नव्हतं. कौलिट्झ लोकांच्या भाषेतलं पर्वताचं नाव लावेतलात्ला. अर्थ, धुमसणारा. झाडीच्या रेषेच्या वर उगाच जायचं नाही, गेलंच तर साधनेसाठी, अशी त्यांची परंपरा. पॉल केन नावाचा कॅनडातला चित्रकार १८४७ साली त्या भागातून गेला. पर्वत तेव्हा जागा होता, आणि केनने पुढे रात्रीच्या उद्रेकाचं प्रसिद्ध तैलचित्र रंगवलं. वर जाण्यासाठी सोबत यायला त्याने पैसे देऊ केले, पण एकही जण तयार झाला नाही. केनला तो भित्रेपणा वाटला. मला त्यात उभं राहण्याच्या जागेबद्दलचं शहाणपण दिसतं. कुठवर जायचं हे त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठरवलेलं होतं.

आता १९८० साल. मार्चमध्ये भूकंप सुरू झाले, २७ मार्चला वाफ आणि राख बाहेर पडली. उत्तरेचा उतार फुगायला लागला, दिवसाला दीड-दोन मीटर या वेगाने. पोटात लाव्हारस चढत होता. राज्य सरकारने बंदी क्षेत्र आखलं. पण नकाशावर पश्चिमेकडची रेषा कशी गेली? बऱ्याच अंशी एका लाकूड कंपनीच्या जमिनीच्या हद्दीला धरून. पलीकडे तोड चालू होती आणि ती थांबवायची नव्हती. कांटची सुरक्षित जागा इथे सातबाऱ्यावर ठरली, असं म्हणा ना.

१८ मे, रविवार, सकाळी ८ वाजून ३२ मिनिटं. ५.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि फुगलेला उत्तर उतार घसरला. नोंदलेल्या इतिहासातली सर्वांत मोठी दरड, सुमारे अडीच घन किलोमीटर. झाकण काढावं तसं झालं आणि स्फोट वर न जाता आडवा गेला. सुमारे ६०० चौरस किलोमीटरमधलं जंगल भुईसपाट झालं किंवा उभ्या उभ्या करपलं. पर्वत ४०० मीटरने बुटका झाला. ५७ माणसं गेली. हेकेखोरपणे आत राहिलेला लॉजचा म्हातारा मालक सगळ्यांना ठाऊक असतो, कारण वर्तमानपत्रांनी त्याला नायक केलं होतं. पण गेलेल्यांपैकी बहुतेक जण बंदी क्षेत्राच्या बाहेर होते. सरकारने जिथे थांबायला हरकत नाही म्हटलं होतं, तिथे ते थांबले होते. आणि वार रविवार होता. सोमवार असता तर शेकडो लाकूडतोडे कामावर असते.

या सकाळची दोन छायाचित्रमालिका आपण पाहू.

पहिली गॅरी रोझेनक्विस्टची. हा हौशी माणूस मित्रांबरोबर ईशान्येला, साधारण १८ किलोमीटरवर, बेअर मेडो नावाच्या ठिकाणी तंबू टाकून होता. उतार सरकला तसा तो एकामागून एक फोटो काढत गेला. क्रमाने बघा: पहिल्यात पर्वत जागेवर, मग कडेची रेषा मोडते, मग उतार सरकतो, मग त्यातून करडे ढग फुटून बाहेर येतात. एरवी या चित्रांत कलात्मक म्हणावं असं काही नाही. चौकट किंचित हलत राहते. पण या मालिकेवरूनच शास्त्रज्ञांना दरड कशी, किती वेगाने आली हे क्षणाक्षणाने मांडता आलं. मग ती मंडळी गाडीत बसून सुटली. का सुटली? मधल्या डोंगररांगांनी त्या बाजूचा लोट अडवला म्हणून. ती जागा सुरक्षित आहे हे त्यांना आधी माहीत नव्हतं, नंतर कळलं. कांटच्या सिद्धांतात सुरक्षितता आधी असते, अनुभव नंतर येतो. इथे क्रम उलटा आहे.

दुसरी रॉबर्ट लँड्सबर्गची. पोर्टलंडचा छायाचित्रकार, वय ४८. कित्येक आठवडे तो या पर्वताच्या बदलांच्या मागावर होता, आणि त्या सकाळी शिखरापासून काही मैलांवरच होता. राखेचा लोट येताना त्याने फोटो काढले. मग फिल्म गुंडाळून घेतली, कॅमेरा पेटीत घातला, पेटी पाठपिशवीत, आणि पिशवीवर स्वतः आडवा झाला. सतरा दिवसांनी तो सापडला. फिल्म वाचली होती. १९८१च्या जानेवारीत 'नॅशनल जिओग्राफिक'ने ती चित्रं छापली.

ही गोष्ट आता दंतकथा झाली आहे. 'फोटोसाठी जीव दिला' अशा मथळ्याखाली ती फिरत असते आणि खाली हजारो लोक नमस्काराचे हात टाकतात. मला या मथळ्यावर आक्षेप आहे. लँड्सबर्गने जीव देऊन फोटो विकत घेतला नाही. लोट जवळ आला तेव्हा निघून जाण्याइतका वेळच उरला नव्हता. जीव आणि फोटो यांतून एक निवडायचं, असा पर्याय त्याच्यापुढे नव्हताच. उरल्या सेकंदांत एक काम हातून होण्यासारखं होतं आणि ते त्याने नीट केलं. परीक्षेत शेवटची घंटा झाल्यावर पुरवणी बांधून देणाऱ्या मुलासारखं. त्यात मोठेपण आहेच, पण ते शेवटपर्यंत नीटनेटकं काम करण्याचं आहे, बलिदानाचं नाही. हा फरक मी ताणून सांगतोय, कारण बलिदानाच्या कथेतून पुढच्या पिढीतले तरुण छायाचित्रकार भलताच धडा घेतात: जितकं जवळ जाल तितकी कला मोठी.

आणि चित्रं? फिल्म ओरखडलेली, राखेच्या कणांनी ठिपके पडलेली, आकाश अंधारलेलं. पोस्टकार्डाच्या हिशोबाने बाद. पण अख्ख्या ज्वालामुखी-छायाचित्रणात उभं राहण्याची जागा चौकटीच्या आत आलेली जी काही थोडी चित्रं आहेत, त्यांत ही येतात. फिल्मवरचे ओरखडे म्हणजे ती जागाच आहे. समोर दिसणारं आणि बघणाऱ्यावर येऊन आदळणारं यांत इथे अंतर राहिलेलं नाही.

तिसरं चित्र अगदी साधं. आदल्या संध्याकाळचं, १७ मेचं. डेव्हिड जॉन्स्टन नावाचा तीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ निरीक्षण छावणीत खुर्चीवर बसला आहे, कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. छावणी पर्वतापासून साधारण दहा किलोमीटरवर, पुरेशी लांब समजली गेलेली. तेरा तासांनी तो गेला. फोटो काढला हॅरी ग्लिकनने. हा विद्यार्थी त्या छावणीवर कामाला होता, पण त्याला प्राध्यापकांना भेटायला जायचं होतं म्हणून जॉन्स्टनने त्याच्या जागी थांबायचं कबूल केलं. या चित्राचा विषय ज्वालामुखी नाही, पण ज्वालामुखीची शेकडो भव्य चित्रं पाहिल्यावर मला हेच जास्त बोलकं वाटतं. ते पाहताना आपण पर्वताकडे बघत नाही, पर्वताकडे बघणाऱ्याच्या जागेकडे बघतो. रोलां बार्थने फोटोंवरच्या आपल्या पुस्तकात एका फाशी जाणाऱ्या तरुणाच्या फोटोबद्दल लिहिलं आहे, की तो मरणार आहे आणि तो मेलेलाही आहे, या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात येतात. ते पुस्तक १९८०चंच. जॉन्स्टनच्या फोटोत तिसरी गोष्टही येते: कॅमेऱ्यामागचा माणूस वाचला आहे, आणि तो ज्या जागेवरून निघाला त्या जागेचा फोटो काढतो आहे. ग्लिकनचं नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येईल.

उद्रेक सरला की वृत्तपत्रं निघून जातात. खरं निसर्गचित्रण तेव्हा सुरू होतं असं माझं मत आहे, आणि त्यासाठी फ्रँक गोल्कीचं उदाहरण घेतो. १९८१ ते १९९० या काळात हा छायाचित्रकार सेंट हेलेन्सला पुन्हा पुन्हा गेला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००५ साली या कामाचं प्रदर्शन भरवलं. कृष्णधवल चित्रं, दिवसाच्या साध्या उजेडातली, एकही स्फोट नाही. जमिनीवर आडवी पडलेली हजारो झाडं, सगळी एका दिशेने, विंचरलेल्या केसांसारखी. त्यांच्यामधून लाकूड उचलून नेण्यासाठी काढलेले रस्ते. काही ठिकाणी तो वर्षांनी परत जाऊन तीच चौकट पुन्हा लावतो. दोन चित्रं शेजारी ठेवली की मधली वर्षं दिसायला लागतात.

गोल्कीकडे मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, तो त्याच जागी परत जातो. नवी जागा, नवा कोन, कोणी न काढलेला फोटो हा सोस त्याला नाही. दुसरी अशी, की माणसाने केलेलं आणि ज्वालामुखीने केलेलं तो वेगवेगळ्या खोल्यांत ठेवत नाही. करवतीने साफ केलेला उतार आणि स्फोटाने साफ केलेला उतार त्याच्या चित्रांत शेजारी शेजारी येतात, आणि पाहणाऱ्याला क्षणभर थांबून विचारावं लागतं की यातला कुठला कोणाचा. निसर्ग रौद्र आणि माणूस बिचारा, ही सोपी मांडणी तिथे मोडते.

१९८२ साली अमेरिकन काँग्रेसने सुमारे १ लाख १० हजार एकर क्षेत्र राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलं. आत ढवळाढवळ करायची नाही, जे उगवेल ते उगवू द्यायचं. पांढऱ्या प्युमिस दगडाच्या मैदानात जांभळ्या फुलांचं लुपिन उगवलं, हवेतला नायट्रोजन मुळांशी धरणारी ही वनस्पती आपल्या कडधान्यांच्या कुळातली. बिळांत असल्यामुळे वाचलेल्या गोफर नावाच्या उंदरांनी राखेखालची जुनी माती वर आणली, आणि तिच्यात बी रुजलं. हे सगळं होताना बघायला आज लोक जातात. अभ्यासाच्या क्षेत्रात पायवाट सोडली तर दंड होतो. पाय कुठे ठेवायचा याचा कायदाच आहे तिथे, आणि मला तो सौंदर्यशास्त्राचाही नियम वाटतो.

आता शिखराकडे वळू. माझा एक जुना विद्यार्थी पोर्टलंडला नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी तो सेंट हेलेन्स चढला आणि मला चाळीसेक फोटो पाठवले. दक्षिणेकडच्या मॉनिटर रिज वाटेने साधारण चौदाशे मीटरची चढाई. आधी रान, मग लाव्ह्याचे मोठमोठे धोंडे, शेवटी राखेचा घसरडा उतार, दोन पावलं वर आणि एक खाली. परवाना लागतो, हंगामात रोजची संख्या ठरलेली असते. वर पोचलं की शिखर असं नाहीच. विवराची कड आहे, आणि पलीकडे उत्तरेला जिथे पर्वत असायला हवा तिथे मोकळं आकाश.

त्या चाळीसपैकी निदान पंधरा फोटो एकाच प्रकारचे होते. तुम्हीही पाहिले असतील: कडेवर पाठमोरा माणूस, हात पसरलेले, समोर विवर. 'एकटा माणूस आणि अनंत'. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रिडरिशने दोनशे वर्षांपूर्वी धुक्याच्या समुद्रापुढे असाच पाठमोरा प्रवासी उभा केला होता. आता प्रत्येकाच्या खिशात तो आहे. हा फोटो वाईट का? दिसायला वाईट नाही. पण तो एक खोटी गोष्ट सांगतो. मागे रांगेत उभी असलेली माणसं त्यात नाहीत, फोटो काढणारा मित्र नाही, परवाना नाही, आणि पायाखालची कडही नाही.

त्या कडेची गंमत अशी. हिवाळ्यात आणि वसंतात वाऱ्याने बर्फ कडेच्या पुढे साचत जातो. वरून जमीन वाटते, खाली काही नसतं. ही बर्फाची पडवी तुटून माणसं विवरात कोसळून गेलेली आहेत. तिच्यावर उभ्या माणसाला कळत नाही की आपण पोकळीवर उभे आहोत. पन्नास पावलं बाजूला थांबलेल्याला ते स्वच्छ दिसतं. तत्त्वज्ञानातला एक मोठा धडा यात फुकट मिळतो. स्वतः उभं असलेली जागा स्वतःला दिसत नाही. ती दुसऱ्याने सांगावी लागते. वनखात्याचा माणूस 'कडेपासून मागे राहा' म्हणतो तेव्हा तो आपल्या अनुभवात विघ्न आणत नसतो, आपल्याला न दिसणारी अर्धी बाजू सांगत असतो.

इथवर मी एकेका माणसाबद्दल बोललो, ज्याने आपला जीव आपल्या हाताने पणाला लावला. कोणी म्हणेल, सर, ज्याचा जीव त्याचा. म्हणून आता जपानला जायचं.

क्युशू बेटावरचा उनझेन ज्वालामुखी, १९९१. मे महिन्यात शिखरावर लाव्ह्याचा घुमट वर आला आणि त्याचे तुकडे ढासळून तप्त राख-वायूचे लोंढे दरीत उतरायला लागले. विलक्षण दृश्य. वार्ताहरांना ते समोरासमोर दिसेल अशी एक उंचवट्याची जागा सापडली. तिला नावच पडलं: 'तेइतेन'. जपानीत अर्थ होतो, ठरलेला बिंदू. कॅमेरा लावायचा बिंदू. ती जागा लोकांना हलवलेल्या भागात होती. पण तिथून चित्र उत्तम मिळायचं, आणि एका वाहिनीचा कॅमेरा तिथे आहे म्हटल्यावर दुसरीचा हवाच.

३ जूनला दुपारी चारनंतर मोठा लोंढा आला. ४३ माणसं गेली. त्यांत वृत्तमाध्यमांचे सोळा होते. चार टॅक्सीचालक होते, पळायची वेळ आली तर तयार असाव्यात म्हणून वार्ताहरांनी थांबवून ठेवलेल्या टॅक्सींचे. बारा जण स्थानिक अग्निशमन पथकाचे, गावातलेच स्वयंसेवक. दोन पोलीस. हे पथक आधी मागे गेलेलं होतं. पण रिकाम्या केलेल्या घरांत शिरून माध्यमांतले काही जण वीज, फोन वापरतात अशा तक्रारी आल्या आणि घरांवर लक्ष ठेवायला स्वयंसेवक परत पुढे आले. चित्र हवं होतं एकाला, आणि त्या चौकटीच्या अलीकडे उभे राहिले हे सगळे. त्या सोळा जणांनाही मी खलनायक करत नाही. त्यांच्यामागे संपादक होते, आणि संपादकांमागे पडदा बघणारे आपण होतो. पण त्या दुपारच्या आधी तेइतेनवरून घेतलेलं एकही दृश्य यापुढे पाहाल, तर त्यात ते चार टॅक्सीचालकही बघायला हवेत.

त्याच लोंढ्यात तीन ज्वालामुखीतज्ज्ञ गेले. फ्रान्सचं जोडपं कातिया आणि मोरीस क्राफ्ट, आणि तिसरा हॅरी ग्लिकन. अकरा वर्षांपूर्वी जॉन्स्टनचा शेवटचा फोटो काढून निघालेला तो मुलगा. मधल्या काळात त्याने सेंट हेलेन्सच्या त्याच दरडीचा सखोल अभ्यास केला, तो आज पायाभूत मानला जातो. याला नियती म्हणायचा मोह होतो. मी तो टाळतो. नियती म्हटलं की जागेचा प्रश्न संपतो, आणि मला तो संपवायचा नाही.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध बाजूचं सगळ्यात बळकट उदाहरण मांडतो, कारण ते न मांडता उठलो तर समीक्षा अप्रामाणिक होईल. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुइझच्या उद्रेकाने चिखलाचे लोंढे आले आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं. वीस हजारांहून जास्त माणसं गेली. धोक्याची कल्पना तज्ज्ञांना होती, लोकांपर्यंत ती पोचली नाही. क्राफ्ट दांपत्याला हे फार लागलं. त्यांनी आयुष्यभर जवळ जाऊन घेतलेल्या चित्रणातून ज्वालामुखीचे धोके समजावणारी एक चित्रफीत तयार करायला घेतली. १९९१च्या उन्हाळ्यात फिलिपिन्समध्ये पिनातुबो जागा झाला, तेव्हा तिची कच्ची प्रत अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली गेली. लोंढा म्हणजे काय हे शब्दांनी पटत नव्हतं, ते पडद्यावर पाहून पटलं. हजारो लोक हलवले गेले. १५ जूनला पिनातुबोचा महाउद्रेक झाला, विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक. क्राफ्ट जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

म्हणजे जवळ जाऊन काढलेल्या चित्रांनी माणसं वाचवली. हे खरं आहे, आणि 'जवळ जाऊच नका' असं सरसकट सांगणाऱ्याला याचं उत्तर द्यावं लागेल. माझं उत्तर असं. त्या चित्रफितीचं मोल जवळ जाण्यात नव्हतं, तिचा उपयोग कोणाला व्हायचा यात होतं. तिने पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला त्याची स्वतःची जागा दाखवली: तू इथे उभा आहेस आणि हे तुझ्याकडे येऊ शकतं. २०२२ साली क्राफ्ट दांपत्यावर 'फायर ऑफ लव्ह' नावाचा माहितीपट आला. त्यांच्याच चित्रणातून केलेला, पाहण्यासारखा आहे. पण नावच सांगतं की गोष्ट प्रेमाची आहे, अग्नीवरच्या आणि एकमेकांवरच्या. तेच चित्रण एका ठिकाणी इशारा होतं, दुसऱ्या ठिकाणी प्रेमकथा होते. दोन्हींत लाव्हा तितकाच लाल आहे. फरक पडला तो बघणाऱ्याला कुठे बसवलं यामुळे. प्रेमकथा पाहताना आपण कांटच्या सुरक्षित खुर्चीत असतो. पिनातुबोच्या गावकऱ्याला ती खुर्ची नव्हती.

तर कांटच्या त्या अटीला मी एवढीच पुस्ती जोडतो: सुरक्षित जागा ही उदात्ताच्या अनुभवाआधी उरकून टाकायची बाब नाही, ती अनुभवाचाच भाग आहे. ती कोणी आखली, कशासाठी आखली आणि तिच्या बाहेर कोण राहिलं, हे विसरून घेतलेला आनंद अर्धवट आहे. आणि चित्राबद्दल म्हणाल तर चांगलं निसर्गचित्र आपल्या उभं राहण्याचा काहीतरी माग ठेवतं. लँड्सबर्गच्या फिल्मवर तो ओरखड्यांनी राहिला. गोल्कीने त्याच जागी परत जाऊन तो ठेवला. ग्लिकनने कॅमेरा पर्वताऐवजी माणसाकडे वळवला. कड्यावरचा पाठमोरा फोटो तो माग पुसतो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

तुमच्यात ट्रेकला जाणारे बरेच आहेत, मगाशी पाठपिशव्या दिसल्या. (हशा) तुम्हाला हे दूरचं वाटू नये. सह्याद्री लाव्ह्याचाच आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांवर थर. कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते ते थर. हा ज्वालामुखी आता कोणाला काही करणार नाही. पण हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी गेलात की तिथेही तेच आहे: कडा आत वळलेला, काठावरच्या माणसाला पायाखाली काय आहे ते दिसत नाही. जाणती मंडळी तिथे पोटावर झोपून, पुढे सरकत खाली बघतात, आणि मागून कोणीतरी पाय धरून ठेवतं. पुढच्या वेळी कड्याचा फोटो काढालच. एक फोटो पाय धरणाऱ्याचाही काढा, आणि दोन्ही फोटो एकत्र पाठवा.

  आता प्रश्न घेऊ या.